चावीवाल्या आप्पांची लूप लाइन

आमचे आप्पा खोटं बोलत नाहीत. हे मी कौतुकानं सांगत नाही, वैतागून सांगतेय. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, मुलगा कसा आहे? दुसरा कुणी असता तर कष्टाळू, शांत, मनमिळाऊ अशी यादी वाचली असती. आप्पा म्हणाले, "पोरगा कामाला बरा हाय, पर सकाळी उठत नाय. चार हाका माराव्या लागतात." रत्नदीप, म्हणजे माझा आताचा नवरा, खाली मान घालून पोह्यांतले शेंगदाणे मोजत बसला. लग्नाला नऊ वर्षं झाली, हाका अजून चारच लागतात.

आप्पा म्हणजे माझे सासरे, कमळाकर. रेल्वेत की-मन होते, गावात त्यांना चावीवाले म्हणतात. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाड्यांच्या हादऱ्यानं सैल होतात. खांद्यावर हातोडी टाकून रुळाच्या कडेनं चालायचं, सुटलेली चावी दिसली की ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. कर्जतहून पळसदरीच्या अंगाला जाऊन परत यायचं, बत्तीस वर्षं, रोज. दहिवलीतलं आमचं घर त्याच पायांवर उभं राहिलं. रिटायर झाल्यावरही त्यांची चाल तीच होती. मान खाली, नजर वाटेवर, आणि बरोबरचा माणूस कायम दहा पावलं मागं.

बिडी मात्र होती. बारा वर्षांपूर्वी विहारात पंचशील म्हणताना ते पाचव्या शीलापाशी अडखळले. नशेच्या पदार्थांपासून दूर राहीन, असं तोंडानं म्हणायचं आणि खिशात बंडल, हे त्यांना जमेना. वंदना थांबवून ते उठले, बंडल बाहेर टाकून आले, परत येऊन बसले आणि ओळ पुरी केली. त्या दिवसापासून बिडीला हात लावला नाही. ही गोष्ट मला माझ्या सासूबाईंनी, येसूबाईंनी, निदान वीस वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी सांगताना त्यांची मान जरा उंच व्हायची.

आप्पांचा दुसरा गुण असा, की विचारल्याशिवाय ते काही सांगतही नाहीत. म्हणून त्यांचा पाय दुखतो हे घरात कळायला पाच महिने लागले. कर्जतला बाजारात जाताना उल्हास नदीच्या पुलावर ते थांबतात, कठड्याला हात टेकून पाण्याकडं बघतात, असं मला दोघातिघांनी सांगितलं. सासूबाई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मला वाटलं, माणूस एकटा पडलाय, बघू दे नदीकडं. एका रविवारी मी बरोबर होते. पुलाच्या आधीच ते थांबले, मग पुलाच्या मध्ये थांबले, मग पुलाच्या टोकाला थांबले. मी विचारलं, "आप्पा, काय बघता?"

"बघत नाय. पोटरीत गोळा येतो. उभा राहिलो की जातो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

मला इतका राग आला की मी भर पुलावर बोलले त्यांना. मी खालापूरच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की दुखायची राहते, म्हणजे पायाला रक्त पुरत नाही, एवढं मला कळतं. मी त्यांना तिथंच चप्पल काढायला लावली. उजव्या पायाचं पाऊल गार होतं आणि अंगठ्याशेजारचं बोट निळसर पडलं होतं.

पनवेलला रक्तवाहिन्यांचे डॉक्टर गाठले. त्यांनी आधी दंडाचा दाब घेतला, मग घोट्याचा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक, घोट्याचा फारच कमी. सोनोग्राफीत दिसलं, की मांडीतली मोठी रक्तवाहिनी मध्येच जवळजवळ बंद झालीये आणि गुडघ्याखालच्या वाहिन्या इतक्या बारीक झाल्यात की ऑपरेशन करून जोड दिला तरी तो टिकेल याची खात्री नाही. "आधी औषधं आणि चालणं," डॉक्टर म्हणाले. "तीन महिने बघू. फरक पडला नाही तर ऑपरेशन. आणि ते फसलं तर मग पाय गुडघ्याखालून कापावा लागेल का, हा प्रश्न येईल. आत्ताच सांगून ठेवतो." मग त्यांनी विचारलं, "काका, तंबाखू?"

"बिडी व्हती. बारा वर्षं झाली सोडून."

"आता काही नाही? खाणं, ओढणं?"

"नाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी अगदी ठामपणे मान हलवली आणि वर विहारातली बंडलाची गोष्टही ऐकवली. डॉक्टर खूश झाले. आम्ही सगळेच खूश झालो.

तिथल्या फिजिओथेरपीच्या संजनानं आप्पांना लांबलचक व्हरांड्यात चालवून बघितलं. सत्तर मीटरवर पोटरीत गोळा आला. ती म्हणाली, "काका, रोज अर्धा तास. दुखायला लागेपर्यंत चालायचं, दुखलं की थांबायचं, राहिलं की परत चालायचं." आप्पांना हे पटेना. दुखतंय त्याला आराम द्यायचा सोडून वर दुखवायचं, हा कुठला न्याय? घरी चहा घेताना म्हणाले, "तू शिकवतेस ना हे? मग मला शिकव."

मी खडू नसलेल्या मास्तरणीसारखी हातवारे करत सांगायला बसले. रक्तवाहिनी म्हणजे नुसता पाइप नव्हे. तिला आतून एक पातळ जिवंत अस्तर असतं. आपण चाललो की रक्त जोरात धावतं आणि त्या अस्तरावर घासतं. घासलं की अस्तर एक वायू सोडतं, त्याचं नाव नायट्रिक ऑक्साइड. अगदी कणभर, आणि काही सेकंदांत विरून जाणारा. पण तेवढ्या वेळात तो वाहिनीच्या भिंतीला सांगतो, सैल हो. वाट रुंद होते. रोज रोज असं होत राहिलं, की बंद पडलेल्या वाहिनीच्या शेजारच्या दोऱ्यासारख्या वाहिन्या जाड व्हायला लागतात, कुठं नवीन फुटतात, आणि रक्त वळसा घालून खाली पोचतं.

"गॅस?" आप्पांनी विचारलं. "गॅसनं पाय बरा व्हायचा तर माझा कवाच झाला असता. रोजच व्हतो."

रत्नदीप चहा सांडेपर्यंत हसला. आप्पा हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "म्हंजे मेन लाइन बंद, गाडी लूपवरनं, बाजूच्या रुळावरनं काढायची. लूप हाय, पर सिग्नल मिळाल्याबिगर गाडी सोडत नाय कुणी. तुझा गॅस म्हंजे सिग्नल."

बारावीच्या वर्गाला हे समजावायला मला दोन तास लागतात. म्हातारबाबांनी एका कपात उरकलं. मला आनंद झाला आणि थोडा मत्सरही वाटला, खरं सांगायचं तर.

त्यानंतर आप्पा रोज सकाळी सहाला घराबाहेर पडायला लागले. खुणेला त्यांनी रस्त्याच्या कडेचे विजेचे खांब धरले. तिसऱ्या खांबाशी गोळा यायचा. थांबायचे, राहिला की पुढं. एक दिवस खाडा नाही. गोळ्या वेळेवर, तळकट बंद, ताटात पालेभाजी. मी दर रविवारी विचारायची, "कितवा खांब?" आणि दर रविवारी उत्तर यायचं, "तिसराच."

पहिला महिना तिसरा, दुसरा महिना तिसरा. तिसऱ्या महिन्यात निळसर बोटाच्या कडेला कातडी फाटली आणि आठ दिवस झाले तरी ती फट भरून येईना. मी रोज संध्याकाळी तो पाय मांडीवर घेऊन जखम पुसायची आणि मनात पाठ म्हणायची: घर्षण, अस्तर, वायू, सैल. पुस्तकात चूक आहे की माझ्या सासऱ्याच्या पायात, तेच कळेना. मला भीती वाटायला लागली होती. ज्या माणसाची सगळी ओळख चालण्याची, तो कुबड्यांवर अंगणात बसलेला मला डोळ्यांपुढं दिसायचा.

तीन महिन्यांनी पनवेलला जायचा दिवस आला. बहुतेक भरती करून घेतील, असं फोनवर कळलं होतं. मी पहाटेपासून पिशवी भरत होते: टॉवेल, लुंगी, पाण्याची बाटली, औषधं. आणि आठवडाभर दवाखान्यात राहायचं म्हणजे मशेरी लागणार, म्हणून तवा ठेवून ताजी मशेरी भाजली.

बाहेरच्यांसाठी सांगते. मशेरी म्हणजे तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड. सकाळ-संध्याकाळ बोटावर घेऊन दातांना लावतात आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच तोंडात ठेवतात. आमच्याकडं निम्म्या घरांत ती मोरीच्या फळीवर साबणाशेजारी असते. येसूबाई ती स्वतः भाजायच्या, कारण आप्पांना दुकानातली चालत नाही. शेवटच्या आजारपणात त्यांनी माझा हात धरून एवढंच मागितलं होतं, "यांची मशेरी तेवढी भाजत जा गं. बाकी तू बघशीलच." तेव्हापासून दर महिन्याला मी भाजायची. ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मला वाटायचं, मी सासूबाईंचा शब्द पाळतेय.

तुम्हाला आत्ताच दिसलं असेल. मला दिसलं नव्हतं. दरवर्षी कॉलेजात मुलांना तंबाखूविरोधी शपथ मी देते. फळ्यावर बिडी, सिगारेट, गुटखा असं मोठ्या अक्षरात लिहून लाल खडूनं फुली मीच मारते. त्या यादीत मशेरी लिहावी असं एकदाही मनात आलं नाही, कारण ती व्यसनांच्या खात्यात नव्हतीच. ती दात घासायच्या खात्यात होती.

पनवेलच्या व्हरांड्यात संजनानं आप्पांना पुन्हा चालवलं. पासष्ट मीटर. मागच्यापेक्षा पाच कमी. ती कागदावर आकडा लिहायला माझ्या शेजारी आली आणि थबकली. जरा संकोचून तिनं विचारलं, "मॅडम, राग मानू नका, तुम्ही तंबाखू खाता का?"

"मी?" मला ते इतकं लागलं. "मी शिक्षिका आहे."

"तुमच्या ओढणीला वास येतोय म्हणून विचारलं."

"अहो, तो भाजल्याचा. आप्पांची मशेरी भाजून आणलीये," मी म्हणाले, आणि वर पिशवीतली डबी काढून तिला दाखवली.

तिनं डबी घेतली, झाकण उघडलं, आणि तशीच डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. झाकण उघडल्याच्या क्षणी मला कळलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"काका," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही तर नाही म्हणाला होता."

"तंबाखू नाय ती," आप्पा अगदी शांतपणे म्हणाले. "मशेरी. दात घासायची."

"दिवसातून किती वेळा घासता?"

"सकाळी, जेवल्यावर, चहाच्या आधी, सांजच्याला. मधी पण एकदा."

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "हिरडीतून तंबाखू सरळ रक्तात जाते. तुम्ही चालून जो वायू तयार करता, तो ती तयारच होऊ देत नाही, आणि झालाच तर मारून टाकते. तीन महिने तुम्ही एका हातानं भरलंत आणि दुसऱ्यानं सांडलंत." त्यांनी बोट परत नीट बघितलं. काळं पडलं नव्हतं. भरती करून घेण्याचं त्यांनी थांबवलं. दर पंधरा दिवसांनी दाखवायचं, बोट काळपट दिसलं तर त्याच दिवशी यायचं, आणि मशेरी आजपासून बंद. आणखी तीन महिने मिळाले होते.

घरी येऊन आप्पा ओट्यावर बसले. पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणाले, "म्हंजे बारा वर्षं मी शील मोडत व्हतो."

"तुम्हाला माहीत नव्हतं, आप्पा. माहीत नसताना मोडलं तर ते मोडलं म्हणत नाहीत."

"सुटलेली चावी दिसली नाय म्हणून गाडी घसरायची ऱ्हाते का?"

मी म्हणाले, "आईंनी सांगितलं होतं म्हणून मी भाजत होते," आणि मला रडू फुटलं.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "ती अडाणी, मी अडाणी. तू तर शिकलेली."

एवढंच. रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. खरं होतं म्हणून बोलले. त्या वाक्यानं मला पुढचे कित्येक दिवस जेवण गोड लागलं नाही. वर्गात रक्ताभिसरणाचा धडा आला तेव्हा मी तो दुसऱ्या मॅडमना शिकवायला दिला.

मशेरी त्यांनी त्याच दिवशी सोडली, पण सोडणं सोपं गेलं असं नाही. पहिले आठ दिवस घरात कुणी मोठ्यानं चमचा आपटायची सोय नव्हती. पोट साफ होईना, डोकं दुखे, हिरड्या सळसळत. टूथपेस्टला ते मिठाई म्हणायचे. "मिठाई लावून दात घासायचे म्हंजे तोंड धुवायचं की पाहुणचार करायचा?" रत्नदीपनं बडीशेपेची पुडी आणून दिली, ती दोन दिवसांत संपली. एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर आप्पा तो जुना तवा नाकाशी धरून उभे. मी दारातच थांबले.

"वास घेतो," ते म्हणाले. "लावत नाय."

मी तो तवा भंगारात दिला. नंतर सासूबाईंच्या फोटोसमोर उभी राहून त्यांना सांगितलं, की तुमचा शब्द मी मोडलाय, रागावायचं तर रागवा.

चालणं चालूच होतं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आप्पा परत आले ते नेहमीसारखे थेट मोरीकडं गेले नाहीत. अंगणात उभे राहिले. मी भाकरी थापत होते. विचारल्याशिवाय ते सांगणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून पिठाच्या हातानं बाहेर आले.

"कितवा?"

"चौथ्याच्या पुढं. पाचवा दिसत व्हता."

मी आत जाऊन तव्यावरची भाकरी उलटली. बोलले असते तर परत रडले असते. त्यानंतर खांब हळूहळू वाढत गेले. मध्येच एक आठवडा मागं पडायचे, मग दोन पुढं. बोटावरची फट आधी सुकली, मग भरून आली. पाऊल मांडीवर घेतलं की आधीसारखं गार लागेना. पायात आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, पण पहिल्यांदाच मी ते खरं मानायला लागले: दोऱ्याएवढ्या वाहिन्या रोज सकाळी थोड्या ताणल्या जातायत, कुठलातरी कणभर वायू क्षणभर जगून निरोप पोचवतोय, आणि वळसा घालणारी एक वाट रुंद होतेय. बारा वर्षं ही आकृती मी फळ्यावर काढत होते आणि परीक्षेत पाच मार्कांपलीकडं तिची किंमत मला कळली नव्हती.

तीन महिने पुरे झाल्यावर आम्ही पुन्हा पनवेलला गेलो. संजनानं घड्याळ लावलं. सहा मिनिटं चालायचं, वाटेल तिथं थांबायचं. मी बाकावर बसून त्यांची पावलं बघत होते. सत्तर मीटर गेले. शंभर गेले. वळले, परत आले, परत वळले. मध्ये एकदा त्यांचा वेग कमी झाला आणि मी अर्धी उठले, पण ते स्ट्रेचरला वाट देत होते. सहा मिनिटं संपली तेव्हा संजना म्हणाली, "काका, तीनशे दहा मीटर. एकदाही न थांबता."

आप्पा वाकले आणि उजवी पोटरी चाचपायला लागले, वरून खाली, हरवलेली वस्तू शोधावी तशी. "कुठं गेलं गं ते?" त्यांनी मला विचारलं.

डॉक्टरांनी घोट्याचा दाब घेतला. वाढला होता. मांडीतली वाहिनी अजून बंदच होती आणि बंदच राहणार, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण खाली रक्त पोचत होतं. ऑपरेशन नको, चालणं सोडायचं नाही, सहा महिन्यांनी या.

बाहेर आल्यावर मी रिक्षाला हात केला तर आप्पा म्हणाले, स्टँडपर्यंत चालतच जाऊ. पुढं ते, मागं मी, हातात पिशवी. त्यांच्या चालीशी मला जमेना, तरी मी थांबा म्हणाले नाही. बाजाराच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर ते आपणहून थांबले.

"दुखतंय का?"

"नाय." ते वळले. "एक सांगायचं व्हतं."

इतक्या वर्षांत न विचारता त्यांनी मला काही सांगितल्याचं आठवत नाही.

"पाय तुझ्यामुळं ऱ्हायला," ते म्हणाले. "गेला असता तरी तुझ्यामुळंच गेला असता. दोन्ही खरं हाय. पर ऱ्हायलाय ना, मग पहिलं तेवढंच धर."

आणि ते चालायला लागले. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, तोंड ओढणीनं पुसलं आणि त्यांना गाठायला भर रस्त्यात जवळजवळ पळत सुटले.